लष्करभरतीत तिसरा रकाना: असावा की नसावा?

टेंबलाईवाडीकर (धागाकर्ता)
१७ ऑगस्ट २०२५, सकाळी ८:१२

मंडळी, जरा मदत पाहिजे.

माझ्या मित्राची भरती अकॅडमी आहे. अकॅडमी हे बोर्डावर. प्रत्यक्षात एक पत्र्याचं शेड, पुलअप्सचे दोन बार आणि वीसेक पोरं. मी बँकेत असतो, पण पहाटे पाच ते सात शिट्टी आणि स्टॉपवॉच माझ्याकडं. कोल्हापुरात हे काही नवल नाही. विद्यापीठाच्या बाजूला अंधारात फिरायला गेला असाल तर असल्या पोरांचा एखादा जथ्था कधी ना कधी धापा टाकत तुम्हाला ओलांडून गेलाच असेल.

शुक्रवारी झेंडावंदन झालं, चहा चालू होता. एकानं विचारलं, "सर, ट्रान्सजेंडर माणसाला मिलिटरीत घेत्यात काय?" मागची दोघं फिसकन हसली. मी "बघून सांगतो" म्हणालो, कारण मला खरंच ठाऊक नव्हतं.

दोन रात्री वाचत बसलो. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ ला नालसा खटल्यात सांगितलं की आपलं लिंग कोणतं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मग २०१९ चा कायदा आला, १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. नोकरीत भेदभाव करायचा नाही असं त्यात स्पष्ट आहे. आणि अग्निवीरची जाहिरात उघडली तर जनरल ड्युटीला अविवाहित पुरुष, मिलिटरी पोलिसाला अविवाहित महिला. झालं, पुढं काही नाही.

साबी गिरीची केसही वाचली. २०१० ला नौदलात खलाशी म्हणून भरती, पुरुष म्हणून. २०१६ ला रजेवर असताना शस्त्रक्रिया करून घेतली. ऑक्टोबर २०१७ ला नौदलानं काढून टाकलं. कारण काय दिलं, तर भरती होताना जे लिंग होतं ते स्वतःच्या मर्जीनं बदललं आणि आता जे आहे ते नियमात बसत नाही. काम जमत नव्हतं, असं त्या कारणात मला कुठं दिसलं नाही.

माझं मत अजून ठरत नाही. ज्यांनी फौज आतून बघितलीय त्यांनी जरूर लिहा. शिव्या नकोत.

काहिलीतला_गूळ
१७ ऑगस्ट, सकाळी ८:३१

श्रावण चालू, तांबडा-पांढरा बंद, माणसं आधीच चिडल्यात आणि तुम्ही रविवारी सकाळी असला धागा काढलाय. शंभर प्रतिसाद नक्की. आम्ही खुर्ची टाकून बसलोय.

निवृत्त_सुभेदार
१७ ऑगस्ट, सकाळी ९:४५

मराठा लाइट इन्फंट्रीत २८ वर्षं काढली, म्हणून लिहितो. माझं मत: नको.

हिंमत नसते म्हणून नको, असं मी म्हणत नाही. हिंमत कुणाच्या पोटात किती असते ते गोळी चालल्याशिवाय कळत नाही. आखाडा गाजवलेला पैलवान पहिल्या रात्री थरथरताना बघितलाय, आणि पलटणीत ज्याची सगळे टर उडवायचे तो कारकून जखमी जोडीदाराला पाठीवर घेऊन नाला चढताना बघितलाय. तेव्हा ते राहू दे.

सेक्शन म्हणजे दहा जवान. उंचावरच्या पोस्टवर बर्फ पडला की रस्ता बंद, आणि मग तेच दहा जण एका खोपटात बुखारीभोवती, म्हणजे शेगडीभोवती, महिनोन्महिने. झोपायचं ते एकमेकाला चिकटून. आंघोळ पंधरा दिवसांनी, ती पण सगळ्यांच्या देखत. तिथं ह्याला आडोसा करा, त्याला वेगळी वेळ द्या, हे होत नाही. आडोसा करायला जागाच नसते.

दुसरं औषधाचं. रोज गोळी लागणारा माणूस वर पाठवत नाहीत. शुगरवाल्याला नाही, बीपीवाल्याला नाही. मग हार्मोनवाल्याला कसं पाठवणार? आणि तो वर गेला नाही म्हणजे त्याच्या वाट्याची पोस्ट दुसरा कुणीतरी करतो. असा जो सलग दुसऱ्यांदा वर गेला, त्याच्या बायकोचा फोन मी घेतलाय. तिला मी काय सांगायचं होतं?

फौज म्हणजे रोजगार हमी न्हवं.

शाहूपुरी_वकील
१७ ऑगस्ट, सकाळी ११:०२

कायद्यापुरतं लिहितो. घटनेचं कलम ३३: सैन्यदलांतल्या माणसांचे मूलभूत हक्क किती आवळायचे हे संसदेनं ठरवायचं. संसदेनं, भरती कार्यालयानं नव्हे. आर्मी ॲक्ट १९५० चं कलम १२ स्त्रियांना भरतीस अपात्र ठरवतं, केंद्र सरकार अधिसूचनेनं सांगेल त्या शाखा सोडून. त्याच वाटेनं मिलिटरी पोलिसांत मुली आल्या, २०२१ ला ८३ जणींची पहिली तुकडी. पारलिंगी, म्हणजे ट्रान्सजेंडर, माणसांबद्दल त्या कायद्यात अवाक्षर नाही. १९५० ला ते कुणाच्या ध्यानीमनीच नव्हतं.

२०१९ च्या कायद्याचं कलम ९ कोणत्याही आस्थापनेला नोकरीत भेदभाव करायला मनाई करतं आणि त्यात सैन्याला सूट दिल्याचं मला तरी सापडलेलं नाही. म्हणजे आजची बंदी कायद्यापेक्षा सवयीवर जास्त उभी आहे, असं माझं वाचन. २०२३ मध्ये तिन्ही दलांनी या विषयावर अभ्यासगट नेमल्याच्या बातम्या आल्या होत्या. फाइल कुठल्या टेबलावर आहे ते देव जाणे.

सुभेदारसाहेबांचा मुद्दा हलका नाही. पण तो ठराविक पोस्टचा मुद्दा आहे, सगळ्या फौजेचा नाही.

फौजीची_लेक
१७ ऑगस्ट, दुपारी १२:२०

सुभेदार काका, नमस्कार. मी सैनिक टाकळीची. आमच्याकडं घर सांगताना पलटणीचं नाव सांगतात, एवढं लिहिलं की पुरे.

महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनचा खटला चालू होता तेव्हा सरकारनं कोर्टात काय सांगितलं होतं आठवतंय? जवान बहुतेक खेड्यातले, पुरुषांचीच चालते अशा घरात वाढलेले, त्यांची बाईचा हुकूम मानायची मानसिक तयारी नाही. म्हणजे नाव कुणाचं पुढं केलं? माझ्या बापाचं. तुमचं. माझे आबा हवालदार म्हणून घरी आले. त्यांच्या नोकरीची सगळी वर्षं शेत आईनं केलं, सोसायटीचं कर्ज आईनं फेडलं, आणि सुट्टीवर आले की आबा तिच्या हुकमावर ऊस भरत होते. बाईचा हुकूम त्यांना नवीन नव्हता. १७ फेब्रुवारी २०२० ला कोर्टानं सरकारचं म्हणणं फेटाळलं, आणि यंदा ३० मे ला खडकवासल्यात एनडीएतून १७ मुली पास आऊट झाल्या.

"जवानांना चालणार नाही" हे जवानाला न विचारताच वरचे लोक ठरवतात. आडोशाचा मुद्दा मला पटतो. तयारी नाही हा मुद्दा पटत नाही.

निवृत्त_सुभेदार
१७ ऑगस्ट, दुपारी १:०५

पोरी, तुझ्या आबांना माझा रामराम सांग. लेडी डॉक्टर मेजरला सॅल्यूट आम्ही पण ठोकलेत, कुणाचा हात दुखला नाही. पण बाई अजून इन्फंट्रीत नाही. मी बोलतोय ते इन्फंट्रीचं.

मेरीलँडचा_पाहुणा
१७ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

मूळचा राजारामपुरीचा, आता वॉशिंग्टनजवळ. इथं या प्रश्नाचा अक्षरशः झोपाळा झालाय. ३० जून २०१६ ला ओबामांच्या काळात बंदी उठली. २६ जुलै २०१७ ला ट्रम्प यांनी ट्विटरवर सांगून टाकलं की पारलिंगी लोक सैन्यात कुठल्याही कामाला चालणार नाहीत. निर्बंध प्रत्यक्षात १२ एप्रिल २०१९ पासून लागू झाले. २५ जानेवारी २०२१ ला बायडेन यांनी ते उठवले. २७ जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी नवा आदेश काढला, मार्चमध्ये खालच्या कोर्टांनी तो अडवला आणि ६ मे ला सर्वोच्च न्यायालयानं खटला चालू असेपर्यंत लागू करायला परवानगी दिली. म्हणजे २०१६ ला धीर करून वरिष्ठाला खरं सांगणारा माणूस नऊ वर्षांत दोनदा चालला आणि दोनदा नकोसा झाला.

आकडे सांगतो, कारण लोकांना वाटतं इथं लाखो आहेत. संरक्षण खात्यानं स्वतः दिलेला आकडा ४,२४०, तोही साधारण २१ लाखांच्या दलात. रँड संस्थेनं २०१६ ला खर्च काढला होता: उपचारांपायी वर्षाला २४ ते ८४ लाख डॉलर जास्तीचे, म्हणजे कायम सेवेतल्या सैनिकांच्या आरोग्यखर्चात ०.०४ ते ०.१३ टक्के वाढ. यंदा कोर्टात गेलेल्यांत एमिली शिलिंग आहेत, नौदलाच्या वैमानिक, ६० लढाऊ मोहिमा केलेल्या. त्यांना उडवता येत नाही असं कुणी म्हणत नाही.

विरुद्ध बाजूचं म्हणणं सुभेदार लिहितात तेच आहे. शस्त्रक्रियेनंतर माणूस काही महिने तैनातीला पाठवता येत नाही, औषधाचा पुरवठा सांभाळावा लागतो, आणि एकाला सूट दिली की मापदंड सैल होतो. संरक्षण खात्याच्या २०१८ च्या अहवालात हीच कारणं होती. नेदरलँड्समध्ये मात्र १९७४ पासून घेतात, कॅनडात १९९२, ब्रिटनमध्ये २०००. तिथली सैन्यं काही मोडून पडली नाहीत.

खासबाग_आखाडा
१७ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१५

नेदरलँड्सची सीमा कुणाशी? डेन्मार्कशी पण लागत न्हाई. त्यांनी काय पण करावं. आमच्या एका बाजूला पाकिस्तान, एका बाजूला चीन. तुमच्या एसीतल्या गप्पा तिकडंच ठेवा.

आणि परदेशी उदाहरणं कशाला पाहिजेत? आपल्याकडं शिखंडी होता, बृहन्नडा होती. संस्कृतीत सगळं आहे, पण ज्याचं त्याचं स्थान ठरलेलं आहे.

फौजीची_लेक
१७ ऑगस्ट, संध्याकाळी ७:४८

शिखंडी समोर आल्यावर भीष्मांनी धनुष्य खाली ठेवलं, कारण त्याला ते योद्धा मानतच नव्हते. न मानल्याचा परिणाम काय झाला तेही महाभारतातच लिहिलंय. आता हे उदाहरण तुमच्या बाजूचं का आमच्या, ते ठरवा. बृहन्नडा म्हणजे वेशांतर केलेला अर्जुन. गायी पळवून न्यायला कौरव आले तेव्हा तिनं शमीवरनं धनुष्य काढलंच की.

बिंदू_चौक
१७ ऑगस्ट, रात्री ९:३०

२६ जुलै तारीख वाचली आणि थबकलो. ट्रम्पचं ट्विट २६ जुलैचं. कारगिल विजय दिवस त्याच तारखेला. आणि १९०२ साली त्याच तारखेला शाहू महाराजांनी ह्याच कोल्हापुरात पन्नास टक्के जागांचा हुकूम काढला. योगायोग आहे, जास्त काही काढत नाही त्यातनं.

पण "अमुक माणूस फौजेला चालत नाही" हे वाक्य आपल्या मातीत पहिल्यांदा उच्चारलं जात नाहीये. महार शिपाई कंपनी सरकारच्या पलटणींत पिढ्यान्‌पिढ्या होते. १८९० च्या दशकात इंग्रजांनी लढाऊ जातींचं खूळ काढलं आणि भरती बंद केली. कारण काय दिलं होतं? बाकीचे शिपाई ह्यांच्यासोबत राहणार नाहीत. म्हणजे तोच बराकीचा मुद्दा. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ ला अर्ज केला, १९१० ला शिवराम जानबा कांबळ्यांनी केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तशी १९१७ ला १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२१ ला मोडली. १९४१ ला पुन्हा गरज पडली तेव्हा बेळगावात महार रेजिमेंट झाली. त्याच रेजिमेंटचे कृष्णराव आणि सुंदरजी पुढं लष्करप्रमुख झाले. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचं परमवीरचक्र त्याच रेजिमेंटचं.

बाकीचे सोबत झोपणार नाहीत हे कारण एकदा खोटं ठरलंय. दुसऱ्यांदा वापरताना निदान पुरावा मागावा.

निवृत्त_सुभेदार
१७ ऑगस्ट, रात्री १०:२०

महार रेजिमेंटच्या पोस्टला लागून आमची पोस्ट होती, त्यांच्या लंगरची डाळ मी खाल्लीय. तुमचा इतिहास मान्य. पण त्यांना दूर ठेवलं ते विटाळाच्या खुळानं. त्यांच्या शरीरात फौजेला अडचण होईल असं काही नव्हतं. इथं निम्मा प्रश्न मेडिकलचा आहे. दोन्ही एका मापानं मोजू नका.

बिंदू_चौक
१७ ऑगस्ट, रात्री १०:३४

निम्मा मेडिकलचा, हे घेतो. उरलेल्या निम्म्याबद्दल बोलत होतो.

[हा प्रतिसाद काढून टाकला आहे.]

[हा प्रतिसाद काढून टाकला आहे.]

प्रशासक
१८ ऑगस्ट, सकाळी ७:०५

टाळ्या वाजवण्यावरून आणि नऊवारीवरून केलेले दोन प्रतिसाद काढले आहेत. एक आयडी पंधरा दिवस बंद. धागा चालू ठेवत आहोत.

पिवळा_भंडारा
१८ ऑगस्ट, दुपारी ३:१०

मी वाचत होते, लिहिणार नव्हते. कालचे दोन प्रतिसाद निघायच्या आधी वाचले, म्हणून लिहिते.

मी तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलताय त्यातली. कोल्हापूरचीच. ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील यात्रेत तुम्ही सगळे येता. वरणं, वांगं, भाकरी, कांद्याची पात घेऊन रांगेत उभे असता. सौंदत्तीहून देवीचे जग (डोक्यावरून नेतात त्या मूर्ती) परत आले की जोगत्यांच्या पाया पडता, कपाळाला भंडारा लावून घेता, पोराच्या डोक्यावर हात ठेवायला सांगता. त्याच आठवड्यात मी खोली बघायला आले की डिपॉझिट दुप्पट. नाहीतर "भाडेकरू आला कालच". सात घरं बघून आठवी मिळाली, तीही गळकी.

आता मिलिटरीचं. खरं सांगू? मला तुमच्या मिलिटरीशी काही घेणंदेणं नाही. आमच्यातल्या दहाजणींना विचारलं तर नऊ म्हणतील रेशनकार्डावर नाव आधी, दवाखान्यात कुठल्या वॉर्डात झोपवणार ते आधी, बंदूक मग. २०११ च्या जनगणनेत "इतर" रकान्यात देशभरात पावणेपाच लाखांच्या वर माणसं निघाली, म्हणजे धीर करून सांगितलं ती. त्यातली सीमेवर जायला निघालेली किती असतील? तुम्ही भांडताय ते आमच्यासाठी नाही, तुमच्या-तुमच्यात जिंकायला.

पण एकजण जायचं म्हणत असेल तर तिला का अडवायचं, तेही मला कळत नाही.

काहिलीतला_गूळ
१८ ऑगस्ट, दुपारी ३:४०

ताई, पहिला प्रतिसाद थट्टेत लिहिला होता. परत वाचला, बरं वाटलं नाही.

टेंबलाईवाडीकर (धागाकर्ता)
१८ ऑगस्ट, रात्री ९:१५

एक गोष्ट मी लपवली होती. आता त्याला विचारून लिहितोय. ओळख पटेल असं काही देणार नाही.

ज्यानं प्रश्न विचारला ते पोरगं जन्मानं मुलगी आहे. आधारवर मुलीचं नाव. आमच्याकडं पहिल्या दिवसापासून मुलग्यांत पळतंय, नाव स्वतःचं स्वतः ठेवलेलं, पोरं त्याच नावानं हाक मारतात. परवा हसली ती दोघं त्याला हसली नव्हती. प्रश्न कुणासाठी आहे ते त्यांना ठाऊक होतं आणि मला नव्हतं, म्हणून हसली. (मी वर्षभर त्याला "अरे" म्हणत होतो आणि रजिस्टर कधी नीट बघितलं नाही. स्टॉपवॉच धरणाऱ्याला नाव लागतं, आधार लागत नाही.)

१६०० मीटर पाच अठ्ठेचाळीस. पुलअप्स सात. महिला मिलिटरी पोलिसांच्या भरतीत १६०० ला साडेसात मिनिटांत आलं की पहिला गट. म्हणजे मुलगी म्हणून अर्ज केला तर पळण्यात हे पोर डोळे झाकून निघेल. मी तेच सुचवलं. म्हटलं, आत तर जा, पुढचं पुढं.

त्यानं माझ्याच मोबाइलवर साबीची बातमी उघडून दाखवली. "सर, आत जाऊन मग सांगितलं तर भरती होताना वेगळं सांगितलंस म्हणून काढणार. आधी सांगितलं तर घेणारच न्हाईत. आणि न सांगता ऱ्हायचं म्हटलं, तर शपथ घेताना पहिलंच वाक्य खोटं."

मला ह्याच्यावर काही बोलता आलं नाही.

खासबाग_आखाडा
१८ ऑगस्ट, रात्री ९:५०

थांबा थांबा. म्हणजे दोन दिवस आपण साडी नेसणाऱ्यांवर भांडलो आणि प्रश्न हा होता? मग सोपं आहे की. मुलगी म्हणून भरू दे. सरकार पण खूश, घरचे पण खूश.

पिवळा_भंडारा
१८ ऑगस्ट, रात्री १०:०२

दादा, तुम्हाला उद्या बाई म्हणून भरती व्हा, पगार चांगला आहे, असं म्हटलं तर व्हाल? ट्रान्समॅन पोरं दिसत नाहीत कारण टाळी वाजवत नाहीत. घरातच असतात, लग्न लावून देतात.

खासबाग_आखाडा
१८ ऑगस्ट, रात्री १०:२५

पगार किती, त्याच्यावर आहे. (थट्टा. मुद्दा कळला.)

शाहूपुरी_वकील
१९ ऑगस्ट, सकाळी १०:३०

कागदाची बाजू सांगतो. २०१९ च्या कायद्यात दोन पायऱ्या आहेत. कलम ६ खाली जिल्हाधिकारी प्रमाणपत्र देतात, ते "ट्रान्सजेंडर" म्हणून. कलम ७ खाली शस्त्रक्रिया झाल्यानंतर सुधारित प्रमाणपत्र मिळतं, ते "पुरुष" किंवा "स्त्री" म्हणून. या पोराला आज मिळेल ते पहिलं. ते घेऊन भरती कार्यालयात गेलं तर जाहिरातीत त्याचा रकाना नाही. रिट करता येईल. पण तारखा पडता पडता अग्निवीरची वयाची मर्यादा उलटायला वेळ लागत नाही. अशिलाला मी हे पहिल्या दिवशी सांगतो.

पोलिसांचं चित्र वेगळं आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात प्रशासकीय न्यायाधिकरणानं पोलीस भरतीत तिसरा पर्याय ठेवायला सांगितलं. राज्य सरकार त्याविरुद्ध हायकोर्टात गेलं, अंमलबजावणी फार अवघड आहे म्हणून. डिसेंबरात कोर्टानं भरतीच थांबवायची तंबी दिल्यावर वेबसाइटवर तो पर्याय आला. अवघड काम आठवड्याभरात झालं. बाहेर तर त्याआधीच झालं होतं: तमिळनाडूत पृथिका याशिनी २०१७ ला उपनिरीक्षक म्हणून रुजू झाल्या, छत्तीसगडनं २०२१ ला १३ शिपाई घेतले आणि पुढं बस्तर फायटर्स या नक्षलविरोधी दलातही घेतले. सुभेदारसाहेब, बस्तर म्हणजे वाहतूक शाखा नव्हे.

निवृत्त_सुभेदार
१९ ऑगस्ट, दुपारी १२:१०

बस्तरचं माहीत नव्हतं. बघतो.

धागाकर्ते, दोन प्रश्न. उंची किती? बारावीला मार्क किती?

टेंबलाईवाडीकर (धागाकर्ता)
१९ ऑगस्ट, दुपारी १:३०

१६६. बारावी कॉमर्स, ६४ टक्के. अकाउंटला ७१.

निवृत्त_सुभेदार
१९ ऑगस्ट, दुपारी २:१५

जीडीला, म्हणजे जनरल ड्युटीला, महाराष्ट्रातल्या पोराला १६८ लागते. दोन सेंटिमीटरनं बाद. मी इथं बर्फ, बुखारी, सेक्शन सगळं लिहून बसलो, आणि पोरगं पहिल्याच पट्टीखाली अडकलं असतं. भरतीत असंच होतं. मोठ्या कारणानं कुणी परत जात नाही.

क्लार्कला १६२ पुरते, बारावीला ६० टक्के लागतात, इंग्रजी आणि अकाउंट चांगलं पाहिजे. त्यात बसतंय. क्लार्क, स्टोअर, सिग्नल सेंटर अशा जागी बसून काम करणारा माणूस पुरुष का बाई का आणखी काय, ह्यानं रजिस्टरचा ताळा चुकत नाही. एवढं मी मान्य करतो. इन्फंट्रीला माझा नकार कायम आहे, ते पुसू नका.

आणि साबीचं वाचलं. एक बोलतो. आमच्या पलटणीत फ्रॉस्टबाइटनं बोटं गेलेला जवान होता. मेडिकल बोर्ड झाला, कॅटेगरी खाली आली, आणि त्याला शेल्टर्ड अपॉइंटमेंट दिली, कोतमध्ये हत्यारांच्या नोंदी ठेवायला. पंधरा वर्षं पुरी करून पेन्शन घेऊन गेला. फौजेत माणूस बदलला की त्याचं काम बदलतात, ही रीत आहे. सात वर्षं नोकरी झालेल्या शिकवलेल्या माणसाला "आता गरज नाही" म्हणून घरी पाठवणं मला रुचलं नाही. नेव्हीची रीत नेव्हीला ठाऊक.

फौजीची_लेक
१९ ऑगस्ट, दुपारी २:४०

काका, तुमचा हा प्रतिसाद आबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "क्लार्कला कमी समजू नको म्हणावं, पगार त्याच्या हातात असतोय."

निवृत्त_सुभेदार
१९ ऑगस्ट, दुपारी २:५२

शंभर टक्के.

टेंबलाईवाडीकर (धागाकर्ता)
२० ऑगस्ट, सकाळी ७:५०

रात्रभर पाऊस, मैदानात चिखल, आज पळणं रद्द. शेडमध्ये बसून त्याला सगळा धागा वाचायला दिला. क्लार्कचा अर्ज पुरुषांचाच असतो, त्यामुळं तोही दरवाजा बंद, हे त्यानं लगेच ओळखलं. पोलीस भरतीचा विचार करतो म्हणाला. गेल्या आठवड्यात मंत्रिमंडळानं सुमारे पंधरा हजार जागांना मंजुरी दिलीय, जाहिरात निघेल तेव्हा निघेल.

वकीलसाहेब, पोर्टलवर प्रमाणपत्राचा अर्ज उघडलाय. नाव कुठलं घालायचं ह्यावर अडलोय. आधारवरचं का आत्ताचं?

शाहूपुरी_वकील
२० ऑगस्ट, सकाळी ९:२०

दोन्ही. मूळ नाव आणि बदललेलं नाव, असे दोन वेगळे रकाने आहेत. सोबत प्रतिज्ञापत्र लागेल. नियमाप्रमाणं तीस दिवसांत निकाल लागायला पाहिजे. गणपतीच्या सुट्ट्या मध्ये येतील, तेव्हा आजच भरा.

निवृत्त_सुभेदार
२० ऑगस्ट, सकाळी ९:४१

पोलिसात पुलअप्स नाहीत, गोळा आहे. आत्तापासून हातात द्या. मुलींचा चार किलोचा नको, ७.२६ चा द्या.

टेंबलाईवाडीकर (धागाकर्ता)
२० ऑगस्ट, सकाळी ९:५५

आहे एक, शेडच्या मागं पडलेला. गंजलाय. घासायला घेतोय.